बालीत एका दिवसासाठी चालकासह गाडी ठरवावी का?

प्रश्न (लातूर): आई-वडिलांना घेऊन आम्ही बालीला जात आहोत. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून एक दिवस चालकासह खासगी गाडी घ्यावी असे वाटते. उबुद गाव, तीर्ता एम्पुल (पवित्र झऱ्याचे मंदिर), किंतामणी आणि सायंकाळी उलुवातू मंदिर एका दिवसात होईल का?

उत्तर (नांदेड): कृपया तसे करू नका. किंतामणी उत्तरेकडील डोंगरात, तर उलुवातू अगदी दक्षिणेच्या कड्यावर आहे, आणि मधल्या अरुंद, गर्दीच्या रस्त्यांवर वडिलांना तासन्‌तास गाडीतच बसून राहावे लागेल. उलुवातू दुसऱ्या सायंकाळी ठेवा. तिथली माकडे चष्मा हिसकावतात, एवढे लक्षात असू द्या.

उत्तर (परभणी): आपल्याकडे वेरूळला गाडी सांगताना किलोमीटर विचारतात, तिथे मात्र भाडे बहुधा आठ-दहा तासांचे असते, त्यामुळे इंधन, पार्किंग आणि जादा तासाचा दर आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावा. काही चालक कमिशनसाठी लुवाक कॉफीच्या (उदमांजराच्या विष्ठेतून मिळणाऱ्या बियांच्या कॉफीच्या) मळ्यात नेतात. नको असल्यास सकाळीच स्पष्ट सांगावे.

प्रश्नकर्ता (लातूर): आभारी आहे. उलुवातू वेगळ्या दिवशी ठेवतो. मंदिरांत सारोंग (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) लागते का?

उत्तर (नांदेड): होय, पुरुषांनाही. प्रवेशद्वारापाशी मिळते.