मदत हवी आहे: ‘मिएलिक्की’ नाव आज कसं वाटतं?

मंडळी, लेक दोन महिन्यांची झाली. फिनलंडमध्ये तीन महिन्यांत नाव नोंदवावंच लागतं. नवरा फिनिश, त्याला ‘मिएलिक्की’ हवंय. १८४९च्या ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात ही अरण्यदेव तापिओची बायको, अरण्याची स्वामिनी, आपली वनदेवीच! माझाही जीव जडलाय. सासूबाई म्हणतात, ‘मिएली’ म्हणजे मन, त्यावरूनच आलं. सरकारी नावसेवेत पाहिलं, तर मधलं नाव म्हणून जास्त, पहिलं म्हणून कमी. आकडे कळले, पण कानाला कसं लागतं ते नाही कळलं. पुण्याची आजी फोनवर ‘मिलीकी’ म्हणते, क्क निसटतो. मधलं नाव मराठी ठरलंय, त्यामुळे ‘मधलं ठेवा’ नको. तिथे राहणाऱ्यांनो, हे पणजीच्या काळातलं वाटतं, की आजच्या शाळेत सहज खपेल? आणि ‘मिएली’ची व्युत्पत्ती बरोबर आहे का?