पाळीव कुत्र्यांचा कर्करोग माणसांच्या संशोधनासाठी वापरावा का?

खारघरवासी :
आमच्या रॉटवायलर कुत्रीला नवव्या वर्षी पुढच्या पायाच्या हाडाचा कर्करोग, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा झाला. पाय काढावा लागला, केमोही दिली. त्यानंतर ती दहा महिने राहिली. सकाळी तिला फिरवायला नेताना आमची वाट टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेवरून जायची, त्यामुळे असेल कदाचित, पण एक विचार तेव्हापासून डोक्यात आहे. माणसांत हा आजार प्रामुख्याने वाढत्या वयाच्या मुलांना होतो, तोही हातापायांच्या लांब हाडांत, आणि मुलांत काय किंवा कुत्र्यांत काय, तो पसरतो तो बहुधा फुप्फुसांतच. अमेरिकेत माणसांमध्ये वर्षाला त्याचे हजारभर रुग्ण आढळतात, कुत्र्यांमध्ये मात्र त्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या अंगात माणसाची गाठ मुद्दाम रुजवावी लागते आणि त्यासाठी त्याची प्रतिकारशक्ती आधीच अधू केलेली असते. आमच्या कुत्रीची गाठ मात्र आपोआप, धडधाकट शरीरात, आमच्याच घरच्या हवापाण्यात वाढली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याच कारणासाठी २००३ मध्ये पाळीव प्राण्यांच्या कर्करोगाच्या अभ्यासाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. आमच्या कुत्रीचा काढलेला पाय जैववैद्यकीय कचऱ्यात गेला. मालकांच्या संमतीने असे नमुने आणि उपचारांच्या नोंदी जपल्या जाव्यात, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्या प्राण्यांना नव्या औषधांच्या चाचणीत घेतले जावे, असे माझे मत आहे.

घोडबंदरकर :
आपल्या दुःखाबद्दल पूर्ण आदर राखून मी असहमती नोंदवतो. नमुने जपणे आणि जिवंत प्राण्यावर औषधाची चाचणी घेणे या दोन गोष्टी आपण एकाच वाक्यात बसवल्या आहेत. याच आजारावरची १९८९ साली प्रसिद्ध झालेली एक गाजलेली चाचणी पाहा. पाय काढल्यानंतर काही कुत्र्यांना एमटीपी हे प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून दिले, बाकीच्यांना औषधाविना नुसत्या रिकाम्या कणांचे इंजेक्शन. औषध मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे कुत्रे जिथवर जगले ते, २२२ दिवस भरले, दुसऱ्याचे ७७. त्या ७७ दिवसांच्या गटात आपली कुत्री असती, तर आपण हाच धागा काढला असता का? शिवाय संमती देतो तो मालक, सोसतो तो कुत्रा. उपचारांचा खर्च झेपत नसलेल्या माणसाला ‘चाचणीत या, औषध फुकट’ असे सांगितले, तर त्याच्या होकाराला संमती म्हणावे का, याचा विचार व्हावा.

पशुवैद्य, नेरुळ :
दोन्ही बाजूंना थोडे थोडे अडवतो. एमटीपीला युरोपात २००९ मध्ये परवानगी मिळाली, अमेरिकेने मात्र माणसांवरील चाचणीचा पुरावा अपुरा मानून ती नाकारली. म्हणजे कुत्र्यातला निकाल माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की वेदना असह्य झाल्या की आम्ही प्राण्याला दयामरण देतो, त्यामुळे जगण्याचे दिवस मोजताना आजाराबरोबर घरच्यांचा निर्णयही मोजला जातो. एक इशाराही द्यावासा वाटतो. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांत जननेंद्रियावरची जी गाठ वरचेवर दिसते, ती समागमातून एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी दुसऱ्याच्या अंगात जाऊन वाढते, आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाची काही इंजेक्शने दिली की बहुतेकदा बरी होते. माणसात असा कर्करोग नाही. तेव्हा ‘भारतात कुत्रे भरपूर, म्हणजे नमुनेही भरपूर’ असे सरसकट कोणी म्हणू नये. मांजरांच्या तोंडातल्या कर्करोगाचे मात्र माणसाच्या मुखकर्करोगाशी बरेच साम्य आहे, आणि तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात त्याचा अभ्यास व्हावा असे मला मनापासून वाटते; बोका तंबाखू खात नसला, तरी घरातला धूर त्याच्या केसांवर बसतो आणि तो अंग चाटत असतो.

उपवनकाठ :
घोडबंदरकरांच्या ७७ दिवसांच्या युक्तिवादाला माझा आक्षेप आहे. नुसता पाय काढला तर कुत्रा साधारण चार-पाच महिने जगतो, केमो जोडली तर दहा ते बारा, हे आज पशुवैद्य सांगू शकतात ते कुत्र्यांवरच्याच चाचण्यांमुळे. खारघरवासींना मिळालेले दहा महिने कुठल्या तरी अनोळखी कुत्र्याच्या सहभागातून आलेले आहेत. आज केमो प्रस्थापित असताना कोणालाही रिकामे इंजेक्शन देणे अनैतिकच ठरेल. चाचणी असेल तर ती केमोच्या जोडीला द्यायच्या औषधाची असावी.

घोडबंदरकर :
तेवढी अट लेखी असेल आणि मालकाला कोणत्याही दिवशी बाहेर पडण्याची मुभा असेल, तर माझा विरोध सौम्य होईल, संपणार नाही. कारण माणसाच्या आजाराच्या अभ्यासासाठी वापरलेल्या प्राण्याला ‘नमुना प्राणी’ म्हणतात, तो शब्दच मला घरातल्या जिवासाठी खटकतो.

खारघरवासी :
नमुने आणि चाचणी यांची मी गल्लत केली, हे मान्य. चाचणीचा आग्रह तूर्त सोडतो. बायोप्सीच्या वेळी मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेने मला परत दिला होता. तो दोन स्लाइड्ससह तिच्या पट्ट्याशेजारी कपाटात पडून आहे. नेरुळच्या डॉक्टरांना विचारतो : अशा ब्लॉकचा पुढे अभ्यासासाठी उपयोग होऊ शकतो का?

पशुवैद्य, नेरुळ :
होऊ शकतो. उन्हात किंवा दमट जागी ठेवू नका, आणि सोबत तिचे वय, गाठीची जागा, केमोच्या तारखा लिहून ठेवा. त्या नसतील तर नुसत्या तुकड्यावरून फारसे काही सांगता येत नाही.