मिश्र लाइन एंडिंगच्या फाइली: दारातच साफ करायच्या की आत घेऊन?

बाइटखाऊ

टेक्स्ट किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली) फाइल डेटाबेसमध्ये भरण्याआधी तिच्या सगळ्या ओळींची अखेर एकसारखी करून घ्यावी, आणि हे काम डेटाबेसच्या बाहेर, एकाच ठिकाणी व्हावं, असं माझं ठाम मत आहे. 'आधी आत तर घेऊ, मग बघू' हे मला पटत नाही.

विंडोज ओळ संपवताना सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) असे दोन बाइट टाकतं. लिनक्स आणि आजचं मॅक फक्त एलएफ टाकतात. मॅक ओएस ९ पर्यंतच्या जुन्या मॅकवर नुसता सीआर असायचा, आणि एक्सेलमध्ये मॅकिंटॉशवाला सीएसव्ही पर्याय निवडला तर तो आजही मिळतो. आता समजा पाच शाखांकडून फाइली आल्या, तीन विंडोजवरच्या आणि दोन लिनक्सवरच्या, आणि कुणीतरी फाइली जोडणारी 'कॅट' आज्ञा मारून त्यांची एक फाइल केली. पुढे काय होतं ते डेटाबेसवर अवलंबून.

पोस्टग्रेस या डेटाबेसची फाइल भरणारी 'कॉपी' आज्ञा पहिल्या ओळीवरून अखेरीचा प्रकार ठरवते आणि पुढे वेगळा प्रकार दिसला की थांबते. एलएफने सुरू झालेल्या सीएसव्हीत मध्येच अवतरणाबाहेर सीआर आला की 'अनकोटेड कॅरेज रिटर्न फाउंड इन डेटा'. नव्वद टक्के फाइल भरून झाली असली तरी सगळं मागे फिरतं. वर, न दिसणाऱ्या त्या रो (टेबलातल्या ओळी) व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, होईपर्यंत डिस्क अडवून बसतात.

मायएसक्यूएलचं 'लोड डेटा' याच्या उलट. ओळीची अखेर म्हणजे एलएफ हे त्याचं मूळ गृहीतक, त्यामुळे विंडोजच्या ओळींमधला सीआर गुपचूप शेवटच्या कॉलमला चिकटतो. टर्मिनलवर त्या रोची उजवीकडची उभी रेघ डावीकडे जाऊन बसते, तेवढीच काय ती खूण. शहर 'सातारा' असलेल्या रो मागितल्या की उत्तर शून्य, आणि अक्षरं मोजली तर ६ ऐवजी ७.

म्हणून माझी पद्धत: मूळ फाइलचा हॅश (तिच्या बाइटांवरून काढलेली ओळख) घेऊन ती फक्त-वाचनीय करून बाजूला ठेवायची. डॉस-टू-युनिक्स हे साधन 'आय' पर्यायाने चालवायचं; ते डॉस, युनिक्स आणि मॅक अशा तिन्ही प्रकारच्या अखेरी मोजून देतं. तिन्हींपैकी एकच आकडा शून्याच्या वर असेल तर फाइलला हात लावायचा नाही. एकाहून जास्त असतील तर प्रत एकसारखी करायची आणि मग भरायची.

टेबलखुर्ची

तुमच्या मोजणीतच गडबड आहे. एक्सेलच्या सेलमध्ये ऑल्ट-एंटर दाबून दोन ओळींचा पत्ता लिहिला की सेलच्या आत एलएफ जातो, आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केल्यावर रोच्या शेवटी सीआरएलएफ. अवतरणातला एलएफ हा डेटा आहे. सीएसव्हीचं वर्णन करणाऱ्या आरएफसी ४१८० त अवतरणातल्या लाइन ब्रेकला परवानगी आहे. म्हणजे फाइल ठणठणीत आहे आणि तुमचं साधन मात्र 'मिश्र' म्हणून शिक्का मारतंय. त्याला अवतरण कळत नाही, फक्त बाइट कळतात.

तुम्ही निदान डॉस-टू-युनिक्स तरी वापरता. बहुतेक जण 'टीआर' या अक्षरं काढणाऱ्या आज्ञेने फाइलमधले सगळे सीआर उडवतात. जोडलेल्यातला एखादा तुकडा नुसत्या सीआरवाला असेल तर त्याच्या सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांबलचक ओळ होते.

माझं म्हणणं: कच्ची फाइल जशी आहे तशी स्टेजिंग, म्हणजे तात्पुरत्या, टेबलमध्ये घ्या, सगळे कॉलम टेक्स्ट ठेवा आणि साफसफाई एसक्यूएलमध्ये करा. मायएसक्यूएलमध्ये शेवटचा कॉलम थेट न भरता ॲट लावलेल्या व्हेरिएबलमध्ये वाचायचा आणि 'सेट'मध्ये 'ट्रिम ट्रेलिंग'ने त्याच्या शेपटीचा सीआर छाटायचा. आज्ञा एकच, आणि एलएफ व सीआरएलएफ दोन्ही चालतात. काय बदललं ते क्वेरीत लिहिलेलं राहतं. शेल स्क्रिप्टमध्ये कोणी काय उडवलं ते सहा महिन्यांनी कोण सांगणार?

बाइटखाऊ

ऑल्ट-एंटरचा मुद्दा मान्य, पण तिथे नुकसान काय? डॉस-टू-युनिक्स फक्त सीआरएलएफचा एलएफ करतं. सेलमधला एलएफ तसाच राहतो, रोची अखेर एलएफ होते, आणि पोस्टग्रेस अवतरणातल्या लाइन ब्रेकबद्दल कुरकुर करत नाही. खोटा शिक्का बसला तरी फाइल बिघडली नाही. बिघडेल ती अवतरणातच सीआरएलएफ असेल तर. आणि त्या मजकुराची सही किंवा हॅश जुळवायचा नसेल तर पत्त्यातल्या लाइन ब्रेकचा प्रकार बदलल्याने कोणाचं अडतं?

आता तुमच्या ट्रिमकडे. शेवटचा कॉलम दुहेरी अवतरणात असेल तर तो उपाय कोसळतो. अवतरणाच्या लगेच मागे कॉलमचा विभाजक किंवा ओळीची ठरवून दिलेली अखेर आली, तरच मायएसक्यूएल तिथे कॉलम संपला असं मानतं. तुम्ही अखेर एलएफ दिलीत आणि फाइलमध्ये अवतरणामागे सीआर आहे. म्हणजे कॉलम संपलाच नाही. तो पुढच्या ओळीचा पहिला कॉलम पोटात घेऊन, त्याच्यामागच्या अवतरण-स्वल्पविरामापाशी कधीतरी थांबतो. उरलेले कॉलम 'जास्तीचा डेटा होता, छाटला' अशी सूचना देऊन फेकले जातात. आणि 'लोड डेटा'ला 'लोकल' (फाइल क्लायंटकडून) लावलेलं असेल तर अशा चुका नुसत्या सूचना होतात. 'शो वॉर्निंग्ज' न बघणाऱ्याला दोन रोंची एक झाल्याचं कळतही नाही.

पोस्टग्रेसमध्ये तर स्टेजिंगचा प्रश्नच येत नाही. मिश्र फाइल 'कॉपी' स्टेजिंगमध्येही घेणार नाही, कॉलम टेक्स्ट असले तरी. आवृत्ती १७ मधल्या 'ऑन एरर इग्नोर'वर भिस्त ठेवू नका. तो फक्त डेटा प्रकार बदलताना येणाऱ्या चुका गिळतो, ओळींच्या नाही.

टेबलखुर्ची

'कॉपी' घेत नाही हे खरं, पण वाट बंद नाही. 'पीजी रीड फाइल'ने अख्खी फाइल एका टेक्स्ट मूल्यात वाचता येते आणि 'रेगएक्सपी स्प्लिट टू टेबल'ने सीआरएलएफ, सीआर किंवा एलएफ यांवर तोडता येते. पॅटर्नमध्ये सीआरएलएफ हा स्वतंत्र पर्याय लिहाच, नाहीतर एका अखेरीच्या दोन होतील आणि मध्ये रिकाम्या ओळी येतील. सर्व्हरवरच्या फाइली वाचायचे अधिकार लागतात आणि एका मूल्याला १ जीबीची मर्यादा आहे. आणि हो, अवतरणातल्या लाइन ब्रेकवरही हे तोडतं, म्हणून पत्त्यांच्या फाइलीला ही युक्ती नको. कोड, रक्कम, तारीख अशा सपाट फाइलींना चालते.

शेवटचा कॉलम अवतरणात असण्याबद्दल: बरोबर.

शिस्तप्रिय

दोघंही फाइल दुरुस्त करायला बसलात. मुळात ती घ्यायचीच कशाला? पोस्टग्रेसचं थांबणं हा दोष नाही. मिश्र अखेरी म्हणजे फाइल वाटेत कोणाच्या तरी हातातून गेली आहे याचा पुरावा, आणि तो हात आणखी काय करून गेला ते तुम्हाला माहीत नसतं.

'कॅट'चंच उदाहरण घ्या. पहिल्या फाइलच्या शेवटच्या ओळीला अखेर नसेल, आणि अनेक प्रोग्राम ती टाकत नाहीत, तर दुसऱ्या फाइलची पहिली ओळ तिला चिकटते. दोन रेकॉर्डांचा एक. तुमचं अखेरी एकसारख्या करणं यावर इस्त्री फिरवतं, खालची चूक तशीच. 'डब्ल्यूसी' या मोजणीच्या आज्ञेची ओळमोजणीही फसवते, कारण ती फक्त एलएफ मोजते: शेवटची विनाअखेर ओळ गणतीत नाही, अवतरणातले एलएफ मात्र गणतीत.

करारात लिहून घ्या: यूटीएफ-८, बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नको, अखेर एकाच प्रकारची, आणि शेवटी ट्रेलर रेकॉर्ड, त्यात रेकॉर्डसंख्या आणि रकमेची बेरीज. जुळलं नाही की फाइल परत. आणि परत पाठवताना 'तुमची फाइल चालत नाही' असं मोघम नको. ओळ क्रमांक, आधीच्या ओळीची अखेर आणि या ओळीची अखेर, तिन्ही पाठवा, अखेरी हेक्समध्ये (बाइटांचे सोळापायी आकडे). समोरचा अर्ध्या तासात कारण शोधतो.

रात्रपाळी

शिस्तप्रिय, फाइल परत पाठवल्यावर नवी उद्या दुपारी येते आणि सकाळी नऊला रिपोर्ट हवा असतो. करार दिवसा वाचतात.

पण 'कॅट'वरून एक सुचवतो: जोडूच नका. पोस्टग्रेस अखेरीचा प्रकार प्रत्येक 'कॉपी'साठी नव्याने ठरवतं. पाच फाइली पाच 'कॉपी' आज्ञांनी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये भरल्या तर विंडोजची विंडोजसारखी, लिनक्सची लिनक्ससारखी वाचली जाते. साफसफाईची गरजच पडत नाही. शिवाय कोणती रो कोणत्या शाखेतून आली तेही लिहिता येतं. निम्म्या मिश्र फाइली आपणच बनवतो.

उरलेल्यांपैकी एक हमखास सापडणारा प्रकार: सीआर-सीआर-एलएफ. विंडोजवर पायथनने सीएसव्ही लिहिताना फाइल उघडतानाचा 'न्यूलाइन' पर्याय रिकामा ठेवला नाही की होतो. सीएसव्ही रायटर स्वतः सीआरएलएफ लिहितो, आणि टेक्स्ट मोड त्यातल्या एलएफचा पुन्हा सीआरएलएफ करतो. एक्सेलमध्ये प्रत्येक रोनंतर रिकामी रो दिसली तर संशय इथे घ्यायचा. डॉस-टू-युनिक्स यातला फक्त शेवटचा सीआरएलएफ बदलतं. आधीचा सीआर तसाच उरतो, म्हणजे त्या ओळींची अखेर पुन्हा सीआरएलएफ; फाइलमध्ये एलएफच्या ओळीही असतील तर 'कॉपी' पुन्हा अडकते.

म्हणून ना शेल, ना एसक्यूएल. खरा सीएसव्ही पार्सर वापरा. पायथनमध्ये न्यूलाइन रिकामा ठेवून फाइल उघडायची, सीएसव्ही रीडरने वाचायची, रिकाम्या रो वगळायच्या, प्रत्येक रोचे कॉलम मोजायचे, संख्या चुकली तर ती रो वेगळ्या फाइलमध्ये टाकायची, आणि बाकीच्या रायटरला अखेर एलएफ सांगून लिहायच्या. रीडर सीआर आणि एलएफ दोन्ही ओळखतो आणि अवतरणातलं जपतो. शिस्तप्रिय म्हणतात ती चिकटलेली ओळही कॉलम मोजताना पकडली जाते.

निमूटवाचक

सगळे अखेरीवर बोलताय, एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) आधी बघा. मराठी मजकुरात याचा फटका फार बसतो.

यूटीएफ-८ मध्ये काळजी नाही. देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट ८० हेक्स किंवा त्याच्या वर असतात, त्यामुळे अक्षराच्या पोटात सीआर किंवा एलएफचा बाइट येऊच शकत नाही. पण एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून सेव्ह केलेली फाइल यूटीएफ-१६ असते. तिथे 'ऊ'चा कोड ०९०ए, आणि फाइलमध्ये बाइट उलटे, म्हणजे ०ए ०९. पहिला बाइट एलएफ, दुसरा टॅब! 'ऊस' लिहिलेल्या ओळीवर बाइट बघणारं साधन चालवलं की ओळ तिथेच तुटते, आणि उरलेला भाग टॅब, ८ हा आकडा, टॅब असा सुरू होतो, कारण 'स'चे बाइट ३८ ०९. साखर कारखान्याची पीकनोंद असेल तर प्रत्येक ओळीत हेच. जुन्या टायपिंगमधल्या 'ऍ'चा कोड ०९०डी, म्हणजे सीआर. आता वापरतात त्या 'ॲ'चा ०९७२, तो सुरक्षित.

पोस्टग्रेस अशा फाइलीवर पहिल्याच बाइटला, एफएफला, अडतं. मायएसक्यूएलचं 'लोड डेटा' यूटीएफ-१६ फाइली घेतच नाही. म्हणून क्रम असा: आधी आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या साधनाने यूटीएफ-८, मग बीओएम काढायचा, मग ओळी.

टेबलखुर्ची

रात्रपाळीचा पार्सर मला चालेल, एका अटीवर: वगळलेल्या रिकाम्या रो आणि बाजूला टाकलेल्या रो यांची संख्या लोडच्या नोंदीत हवी. नाहीतर तो 'टीआर'पेक्षा जरा सभ्य, एवढंच.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी: 'बल्क इन्सर्ट'ला रो टर्मिनेटर (ओळीची अखेर) म्हणून बॅकस्लॅश-एन दिलं तरी तो सीआरएलएफ समजतो. लिनक्सची फाइल भरायची तर ०-एक्स-०-ए असं हेक्समध्येच द्यावं लागतं. मिश्र फाइलीला हेच द्या आणि नंतर शेवटच्या कॉलममधून 'कॅर १३' (म्हणजे सीआर) रिप्लेस करा. नुसतं ट्रिम पुरत नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्येही ट्रिमला काही सांगितलं नाही तर ते फक्त स्पेस काढतं, सीआर नाही.

बाइटखाऊ

रात्रपाळीचा 'जोडू नका' हा सल्ला मी माझ्या पद्धतीत पहिल्या पायरीवर घेतो. बाकी मत तेच: बाहेरच, एकाच ठिकाणी. पार्सर हेही बाहेरच आहे, टेबलखुर्ची.

आणि ज्यांच्या टेबलांत सीआर आधीच शिरलेत त्यांनी अपडेट मारण्याआधी हे बघा. '४११००१' आणि त्याच्या शेपटीला सीआर असलेला '४११००१' ही युनिक इंडेक्सच्या लेखी दोन वेगळी मूल्यं आहेत, दोन्ही सुखाने नांदतात. सरसकट सीआर काढायला गेलात की अपडेट युनिक कन्स्ट्रेंटवर आपटतो. आधी सीआर वगळून ग्रुप बाय करा, एकाहून जास्त रो असलेले गट काढा, त्यातली कोणती रो ठेवायची ते ठरवा, फॉरेन की (दुसऱ्या टेबलांतले संदर्भ) तिच्याकडे वळवा, जादा रो काढा. अपडेट त्यानंतर.

शिस्तप्रिय

आणि ही सगळी कसरत त्या पहिल्या दिवशी फाइल परत केली असती तर करावी लागली नसती. कराराचा मसुदा हवा असेल त्यांनी सांगा, टाकतो.