'क्लस्टर'ला मराठीत काय म्हणावं : समूह, पुंज, गुच्छ की घड?

प्रश्न : नाशिकला बीएस्सीच्या मुलांना शिकवतो. धातू आणि ऑक्सिजनचे मोजके अणू एकत्र आले की त्यांचा 'क्लस्टर' होतो. त्याला मराठी शब्द हवाय. 'समूह' फार सैल वाटतो.

प्रतिसाद : 'पुंज' घ्या की. तारकापुंज आहेच.

प्रश्नकर्ता : तो 'क्वांटम'साठी रुळलाय. एकाच पानावर दोन्ही अर्थ आले तर मुलं अडखळतील.

प्रतिसाद : मग 'गुच्छ'?

प्रतिसाद : निफाडकडची आहे, घरची द्राक्षबाग. माझं मत 'घड'. गुच्छ आपण बांधतो, घड आपला आपण धरतो. समूहात कोण कुठे उभं आहे याने फरक पडत नाही. घडात पडतो! विरळणीत चार मणी काढले की शेजारच्या मण्यांची फुगवण बदलते.

प्रश्नकर्ता : ताई, मला हेच सांगायचं होतं! साध्या मँगेनीज ऑक्साइडच्या स्फटिकात, सुमारे −१५५ अंश सेल्सिअसच्या खाली, निम्म्या आयनांचं (विद्युतभारित अणूंचं) चुंबकत्व एका दिशेला आणि निम्म्यांचं उलट. बेरीज शून्य. आता १९८० मध्ये तयार झालेला बारा मँगेनीजचा रेणू घ्या. आत चार आयन, प्रत्येकाचे तीन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे; चुंबकत्व येतं ते अशाच इलेक्ट्रॉनांमुळे. भोवती आठांचं कडं, प्रत्येकी चार. कडं एका दिशेला, आतले उलट. ३२ वजा १२, उरले २०. शेजाऱ्यांचा विरोध इथेही आहे, पण मांडणी अशी की बेरीज शून्य होत नाही. असा एकटा रेणू −२७० अंशांच्या आसपास चुंबकत्व धरून ठेवतो, हे १९९३ मध्ये दिसलं. 'समूह' म्हटलं की यातली मांडणीच हरवते.

प्रतिसाद : पण घडाला देठ असतो. अणूंना कुठला?

प्रश्नकर्ता : ऑक्सिजन. दोन मँगेनीजच्या मध्ये तो असतो आणि एकाच्या चुंबकत्वाची दिशा दुसऱ्यापर्यंत त्याच्यामार्फतच पोचते. मधला मुख्य देठ मात्र नाही, तेवढी उपमा अपुरी आहे. ते टिपणात स्पष्ट लिहीन.

प्रतिसाद : मग 'ऑक्साइडचा घड', 'बारा मँगेनीजचा घड' असं सुटं लिहा. 'ऑक्साइडघड' जोडून वाचायला जड जातं.

निफाडकर ताई : आणि 'स्ट्रक्चर'ला 'संरचना' कशाला? 'घडाची घडण' म्हणा. व्युत्पत्तीचं बोलत नाही, पण वर्गात एकदा ऐकलं की मुलं विसरणार नाहीत.

प्रश्नकर्ता : घेतला. टिपणाचं शीर्षक आता 'घडाची घडण आणि चुंबकत्व'.