मदत हवी आहे: दमट हवेत जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा थर) वाळत नाही

ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या सफोकमध्ये स्टूर नदीकाठी, फ्लॅटफर्ड मिलजवळ बसून लँडस्केप करायचं आहे. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने रंगवलेला हा परिसर, त्यात सकाळचं धुकं. घरात बसून फोटोवरून करण्यात ती मजा नाही.

अडचण हवेतल्या ओलाव्याची. ३०० जीएसएमच्या (जाड), किंचित खडबडीत कोल्ड प्रेस कॉटन कागदावर आकाशाचा वॉश वरून कोरडा दिसतो, पण आत ओल राहते. त्यावर झाडांचा पातळ रंग लावला की पाणी मागे ढकललं जाऊन फुलकोबीसारखे डाग पडतात. दुसरा थर घट्ट ठेवला तर डाग टळतात, कडा मात्र पसरतात.

रंग लवकर वाळावा म्हणून पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावं का, किती? त्याने सेरुलियन ब्लू या आकाशी निळ्या रंगाचं दाणेदारपण बिघडेल का? तिथे वीज नाही, त्यामुळे हेअर ड्रायर सुचवू नका.