कमी पैशातलं भुताचं घर: काय भिडलं, काय फसलं?

कमी खर्चात काढलेले झपाटलेल्या घराचे सिनेमे आपण बऱ्याच जणांनी पाहिलेत, काहींनी गावातल्या गावात काढलेतही. अंगावर काटा कशानं आला आणि कुठे मन उडालं, ते एखादा प्रसंग धरून लिहा. नुसतं ‘मस्त’ किंवा ‘बकवास’ नको.

सुरुवात मी करते. ‘लपाछपी’ (2017). गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडात दडलेल्या घरात राहायला येते. भुताला रात्रच लागते असं नाही, हे या सिनेमानं भर उन्हात दाखवलं. आमच्याकडे ऊस नाही, पण तूर डोक्याच्या वर गेली की दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते. त्यामुळे मला वेगळं काही समजून घ्यावं लागलं नाही. भिंती पिकाच्याच, सेटचा खर्च नाही. उषा नाईक यांची तुळसाबाई लाडानं बोलते तेव्हा जास्त भीती वाटते. शेवटाकडे मात्र मुलींना मारण्याबद्दल जे आधीच काळजात रुतलेलं असतं, तेच संवादांतून पुन्हा सांगितलं जातं. तिथे पकड सुटते.
– दारव्हा, जि. यवतमाळ

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ मी जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला गेलो तेव्हा, मचाणावर मोबाईलवर पाहिला. ओरेन पेलीनं स्वतःच्याच घरात, साधारण 15 हजार डॉलरमध्ये चित्रित केलेला. रात्री कॅमेरा एका जागी ठेवलेला. बराच वेळ काही घडत नाही, म्हणून आपलीच नजर पलंगावरून दाराकडे, दारावरून पलंगाकडे फिरत राहते. मग दार जरासं हलतं. बस, तेवढंच. दिवसाची भांडणं मात्र त्याच त्या मुद्द्यावर फिरतात, तिथे कंटाळा येतो.

आपल्याकडचे नवे लोक त्याची नक्कल करतात आणि छतावर धपधप पावलं वाजवतात. ते घर वेगळं. आपल्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, मातीचा थर असतो. वर कोणी चाललं तर पावलं वाजत नाहीत, मयालीतून, म्हणजे छताच्या लाकडांमधून, माती झडते. जेवताना ताटात चिमूटभर माती पडली आणि सगळ्यांनी वर पाहिलं, एवढं दाखवा. एक रुपया लागत नाही.
– आर्वी, जि. वर्धा

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना लाईट करतो. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री भूत आणायचं तर लाल-हिरवा फोकस आणि धूर लागतोच, कारण मागच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. कमी पैशातले सिनेमावाले हेच उचलतात. अरे, तुमचा कॅमेरा माणसाच्या नाकाजवळ जाऊ शकतो! एका कंदिलात अर्धा चेहरा उजळला तरी पुरे.
– वडसा, जि. गडचिरोली

आम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी जुन्या मालगुजारी वाड्यात छोटा सिनेमा केला. वाडाच इतका बोलका की सजवायला काही नव्हतं: वटवाघळं, अंधारा जिना, कुलूप लावलेलं माजघर. अडचण आवाजाची. चित्र धूसर असलं तर लोक चालवून घेतात, पण संवाद ऐकू आला नाही की ते आपसात बोलू लागतात. शेजारच्या गिरणीची घरघर प्रत्येक वाक्यात. मग संवाद धान्याच्या कोठीत गोधड्या टांगून पुन्हा बोलून घेतले. वाळलेली तुराटी माईकजवळ मोडली, ते हाड झालं. पाट्यावर रिकामा वरवंटा हळू ओढला, ते तळघराचं दार. संगीत ठेवलंच नाही. गावात दाखवला तेव्हा त्या वरवंट्याच्या आवाजाला बायका एकदम गप्प झाल्या.

माझ्या मते आजीचं काम सगळ्यात खरं वाटलं, कारण ती घरच्यासारखी बोलली. बाकीचे पुण्याच्या मालिकेतल्यासारखे बोलत होते.
– आमगाव, जि. गोंदिया

मले एकच गोष्ट खटकते. घर झपाटलं काहून? त गावातल्या एकट्या म्हातारीनं करणी केली! हे सगळ्यात सोपं कारण म्हणून येते. करणीच्या संशयावरून बायकायले मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा अघोरी प्रकारांसाठी 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करा लागला. सिनेमा पाहून घरी जाणाऱ्या पोराच्या गल्लीतही एक म्हातारी राहते. भुताचं कारण घरातच शोधा ना. वाटणीत बहिणीचा हिस्सा कोणं दाबला, तिथून सुरू करा. भेव त्याच्यातही मोप आहे.
– निवृत्त शिक्षक, अचलपूर