देवीची मिरवणूक राज्य मार्गावरून तलावापर्यंत न्यायची आहे, बंदोबस्त कसा लावावा?

बोडीकाठ:
राजेहो, आमचं गाव राज्य मार्गाला लागून आहे. देवी गावातून फिरते आणि शेवटचा दीड किलोमीटर डांबरी रस्त्यानं तलावावर जाते. मूर्ती ८ फुटांची, ट्रॅक्टर-ट्रॉलीवर. मागं बाया-पोट्टे धरून दोन-अडीचशे माणूस. वाटेत एक वळण आहे, दोन ठिकाणी तारा आडव्या जातात आणि कडेला सोयाबीन वाळत असतंच. ठाण्यात अर्ज दिला आहे, एक-दोन होमगार्ड मिळतील. बाकीचं मंडळालाच पाहायचं आहे. किती माणसं, कुठं, हातात काय देऊन उभी करायची ते सांगा. "काळजी घ्या" एवढं आम्हालाही ठाऊक आहे.

लालदिवा:
सगळे पोट्टे समोर डीजेपाशी नाचतात आणि मागं कोणी राहत नाही. धोका मात्र मागूनच येतो.

हिशेब करून पाहा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर गेले. पुढं कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २०-२५. डिपरच्या उजेडात काळ्या कपड्यातला माणूस तेवढ्याच अंतरावर दिसतो, म्हणजे दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून इशारा देणारे दोघं मिरवणुकीच्या शेपटाशी नको, शेवटच्या माणसाच्या १०० ते १५० मीटर मागं हवेत. रस्त्याच्या मधोमध नाही, डाव्या कडेला, गाड्यांकडं तोंड करून. मिरवणूक सरकली की तेही सरकतात. वळणावर हा नियम बदला. मिरवणूक वळणापलीकडं गेली तरी ते दोघं अलीकडंच थांबतील, नाहीतर वळून येणाऱ्याला एकदम गर्दीच दिसते.

हातात लाल उजेडाची दांडी द्या. मोबाइलचा पांढरा टॉर्च नको, मागच्याला वाटतं समोरून दुचाकी येते आहे. चमकणारी जाकिटं निदान सहा लागतील: दोन मागं, दोन पुढं, दोन दोरीला. दोरी उजव्या अंगानं धरायची, म्हणजे गर्दी रस्त्याच्या डाव्या अर्ध्यातच राहते.

ट्रॉलीला दोन इंची रिफ्लेक्टर पट्टी लावा: मागं लाल, बाजूला पिवळी, समोर पांढरी. पत्रा धुऊन, पुसून मग चिकटवा. मातीवर लावलेली पट्टी चौकापर्यंतही टिकत नाही. आणि झालर-बॅनरनं मागचे दिवे झाकू नका, हे दर वर्षी सगळीकडं होतं.

पण सगळ्यात मोठं काम घड्याळाचं. या दिवसांत सहाच्या आसपास दिवस मावळतो. पाचला डांबरी रस्त्यावर लागलात तर वरचा अर्धा त्रास होणारच नाही. आरतीच पाचला सुरू करणाऱ्या मंडळाला कोणतंही जाकीट पुरत नाही.

सोयाबीन आदल्या दिवशीच उचलायला सांगा. दाणे चाकाखाली घरंगळतात आणि दुचाकी घसरते. ढीग उचलला तरी भोवतीचे दगड तसेच राहतात, ते चुकवायला गेलेला गडी सरळ गर्दीत शिरतो. दगड स्वतः उचलून बाजूला टाका.

डीपीखाली:
तारांचं मी सांगतो.

नियमानं रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटर आणि ११ केव्हीची, म्हणजे उच्चदाबाची, ६.१ मीटर वर हवी, म्हणजे १९-२० फूट. प्रत्यक्षात रस्त्यावर डांबराचे थर चढतात, दोन खांबांच्या मध्ये तार झोल खाते, आणि घराच्या सर्व्हिस वायरी तर आणखी खाली असतात. तुमची मूर्ती ८ फूट, पण ट्रॉलीचा पाट, चौरंग, वरची कमान आणि त्यावर झेंडा धरून उभा पोट्टा धरला की हिशेब कुठल्या कुठं जातो. सजावट पूर्ण झाल्यावर जमिनीपासून टोकापर्यंत टेपनं मोजा आणि तो आकडा जनमित्राला, म्हणजे महावितरणच्या लाइनमनला द्या. तारेची उंची तो पाहील. बांबू उभा करून तार मोजायला जाऊ नका. बांबूनं तार उचलून ट्रॉली काढणं तर नकोच: ओला बांबू वीज वाहून नेतो, आणि ११ केव्हीला स्पर्शही लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते.

लाइन बंद करायची असेल तर वेळ ठरवून अर्ज द्या. डीपीचा फ्यूज स्वतः काढणं बंद करा. गावठाणाची आणि कृषिपंपांची लाइन बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वेगळ्या मुख्य लाइनवर असते. गावात अंधार झाला म्हणून शिवारात तलावाकडं जाणारी तारही मेली असं नाही. जनमित्रानं "बंद आहे" म्हणेपर्यंत तार चालूच समजा.

चंदेरी कागद उडवणारी फुंकणी तारांखाली नको, त्या पट्ट्या दोन तारांमध्ये अडकून शॉर्ट होतं. तार ट्रॉलीवर पडलीच तर वरचे वरच राहतील, खालचे ३०-३५ फूट दूर होतील. आग लागली तरच उडी मारायची, तीही दोन्ही पाय जोडून. ट्रॉलीला हात आणि जमिनीला पाय एकाच वेळी लागता कामा नये. मग पाय घासत दूर व्हायचं. महावितरणला १९१२ वर फोन करा.

गिअर_लो:
ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पट्टीनं जोडा. शेतात ते सुटे असतात, रस्त्यावर एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात, म्हणून पिन तपासा, वरून साखळी लावा आणि थांबताना चाकाखाली लाकडाचे ठोकळे द्या. उतारावर न्यूट्रल नको. डीजेत चालकाला हाक ऐकू येत नाही, त्यामुळं पुढं एकच माणूस हाताच्या खुणा करील. दहा जणांनी "चाल, चाल" ओरडू नये. मडगार्डवर कोणी बसणार नाही. चालक प्यायलेला नको, हे वेगळं लिहावं लागतं हीच आपली दशा.

बोडीकाठ:
@डीपीखाली काका, कृषी फीडरचं आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं. जनरेटर दुसऱ्या ट्रॉलीवर राहील, त्याचं काय? आणि परत येताना बाया ट्रॉलीत बसतात.

डीपीखाली:
जनरेटर गार झाल्याशिवाय त्यात पेट्रोल टाकायचं नाही आणि मूर्तीभोवतीच्या कापडापासून तो लांब ठेवायचा. लायटिंगच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच घ्या. साधा एमसीबी शॉकपासून वाचवत नाही.

ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे. भाड्यानं एखादं प्रवासी वाहन सांगा, त्याच्या दोन खेपा पुरतील.

दवाखानाकट्टा:
ताई-दादांनो, थोडं माझंही. सुतळी बॉम्ब गर्दीत नकोच. भाजलं तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. शॉक लागलेल्याला वीज बंद झाल्यावरच हात लावा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, १०८ येईपर्यंत. नवरात्रात अनवाणी असणाऱ्या बाया-बाप्यांना तलावाकाठी टॉर्चशिवाय उतरू देऊ नका.

पाण्यात फक्त पोहणारे पाच-सहा जण, ट्रकची हवा भरलेली ट्यूब आणि लांब दोर. विसर्जन नदीत असेल तर रेती उपसलेले खड्डे दिवसाच पाहून खुणा करा. गुडघाभर पाण्याच्या पुढच्याच पावलाला पुरुषभर खोली लागते.

लालदिवा:
अजून एक. दसऱ्यालाच विसर्जन असेल तर आदल्या दिवसापासून दीक्षाभूमीला जाणाऱ्या-येणाऱ्या बस आणि जीपगाड्यांची नागपूरकडच्या रस्त्यांवर वर्दळ असते, रात्री उशिरापर्यंत. ठाण्यात वेळ ठरवताना हे आधी विचारून घ्या.